पेजबाहेर पडलेला कंट्रोल

वेब फॉर्म्समध्ये पेजवर ठेवलेला ग्रिड म्हणजे सर्व्हरच्या मेमरीतलं एक ऑब्जेक्ट. त्याला ओळी असतात, स्तंभ असतात, रंग असतात, कुठे क्लिक झालं तर काय करायचं याची नोंद असते. पण ब्राउझरला वाचता येईल असं एक अक्षरही त्याच्याकडे तयार नसतं. ते सगळ्यात शेवटी, रेंडरच्या टप्प्यात तयार होतं. सर्व्हर प्रत्येक कंट्रोलच्या हातात एक रायटर देतो. कंट्रोल टेबलचा टॅग उघडतो, पोटातल्या कंट्रोल्सना तोच रायटर पुढे देतो, सगळ्यांचं लिहून झालं की टॅग बंद करतो. लिहिलेला मजकूर तसाच नेटवर्ककडे जातो. प्रोग्रामरला तो बघायची वेळ सहसा येत नाही.

माझ्या कामाचा बराच भाग या रायटरची वाट वळवण्यात गेला. कंट्रोल जे लिहिणार ते एका स्ट्रिंगमध्ये उतरवून घ्यायचं आणि तिथून ते एक्सेलमध्ये, ईमेलमध्ये, पीडीएफमध्ये न्यायचं. कोड म्हणाल तर चार ओळींचा. एक स्ट्रिंगबिल्डर, त्यावर स्ट्रिंगरायटर, त्यावर एचटीएमएलटेक्स्टरायटर, आणि मग ग्रिडला सांगायचं रेंडरकंट्रोल. पण ज्यांनी हे खऱ्याखुऱ्या माहितीवर केलंय त्यांना ठाऊक आहे की काम त्या चार ओळींनंतर सुरू होतं. पेज आपल्यासाठी न सांगता काय काय करत होतं, ते कंट्रोल पेजबाहेर काढल्यावरच दिसायला लागतं. वेब मला जेवढं समजलं, ते बरंचसं या एका कामातून समजलं.

मी शिकले जुन्या एएसपीवर. तिथे सगळाच कारभार स्ट्रिंगचा होता. व्हीबीस्क्रिप्टमध्ये टेबलचा टॅग हाताने लिहायचा, त्यात रेकॉर्डसेटमधलं नाव जोडायचं, पुन्हा टॅग, पुन्हा अँपरसँड, पुन्हा अवतरणचिन्ह. एक अवतरण सुटलं की अख्खं पेज विस्कटायचं. मायक्रोसॉफ्टमध्ये स्कॉट गथ्री आणि मार्क अँडर्स यांनी १९९७ च्या अखेरीस ज्या कल्पनेवर काम सुरू केलं, ती जानेवारी २००२ मध्ये एएसपी डॉट नेट म्हणून बाहेर आली आणि आमच्यासारख्यांचं जोडकाम एकदम थांबलं. व्हीबी सहामध्ये खिडकीवर बटण ओढून ठेवावं तसं पेजवर ठेवायचं, त्यावर दोनदा क्लिक करून इव्हेंट लिहायचा. व्हीबीवरून वेबकडे आलेल्या लोकांना हे मोठं वरदान होतं. टॅग कसा लिहिला जातो हे माहीत नसतानाही माणूस चांगलं काम करू शकत होता. मला त्या रचनेबद्दल आजही आदर आहे.

आमच्याकडे तेव्हा पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. मुख्य कार्यालयात सर्व्हर, तालुक्यातल्या शाखा ब्रॉडबँडवरून जोडलेल्या. थकबाकीदारांची यादी, मुदत संपत आलेल्या ठेवींची यादी, दैनिक वसुली, असे पडदे. पडद्यावर यादी व्यवस्थित दिसायची. पण पतसंस्थेचं काम पडद्यावर संपत नाही. संचालक मंडळाच्या मासिक सभेला यादी छापून लागते, वसुली अधिकाऱ्याला ती आपल्या पद्धतीने लावून हवी असते, लेखापरीक्षक बसले की त्यांना बेरजा पडताळायच्या असतात. त्यामुळे प्रत्येक भेटीत शाखाधिकारी हेच म्हणायचे, "मॅडम, बाकी सगळं झकास आहे. फक्त ही यादी आहे तश्शी एक्सेलमध्ये पडली पाहिजे."

आहे तश्शी! एक्सेल एचटीएमएलचं टेबल उघडू शकतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ग्रिडने ब्राउझरसाठी जे लिहिलं असतं तेच एक्सेलची फाइल म्हणून पाठवायचं. तेव्हाच्या बहुतेक प्रोजेक्टमध्ये ही युक्ती होती, एकाच्या कोडमधून दुसऱ्याच्या कोडमध्ये जशीच्या तशी उतरलेली.

२००५ च्या अखेरीस एएसपी डॉट नेटची दुसरी आवृत्ती आली. जुन्या डेटाग्रिडच्या जागी ग्रिडव्ह्यू आला, आणि ग्रिडव्ह्यूवर रेंडरकंट्रोल म्हटलं की लाल अक्षरात एरर यायचा: हा कंट्रोल रनॅट सर्व्हर असलेल्या फॉर्म टॅगच्या आतच असला पाहिजे. तो तर फॉर्मच्या आतच असायचा! डिझाइनच्या फाइलमध्ये डोळ्यांनी दिसत होतं. नवी मुलं गोंधळून जायची ती इथे. तो आत आहे की नाही हे पेज फाइल पाहून ठरवत नाही. सध्या फॉर्मचं रेंडर चालू आहे का, असा एक झेंडा पेजकडे असतो, आणि ग्रिड लिहायला लागण्याआधी पेजला तेवढंच विचारतो. बटणाच्या इव्हेंटमध्ये आपण मधेच ग्रिडला लिहायला लावतो तेव्हा फॉर्मचं रेंडर सुरूही झालेलं नसतं. झेंडा खाली असतो, म्हणून एरर.

यावरचा उपाय सगळ्यांच्या तोंडी होता: पेजमध्ये व्हेरिफायरेंडरिंगइनसर्व्हरफॉर्म ही मेथड ओव्हरराइड करायची आणि आत काहीच लिहायचं नाही. तपासणारा गप्प बसला की काम झालं. मग लगेच दुसरा एरर यायचा. ग्रिडला पानं पाडलेली असली किंवा मथळ्यावर क्लिक करून क्रम लावायची सोय असली की त्यात लिंकबटणं येतात, आणि ती लिहिताना आपली नोंद इव्हेंट व्हॅलिडेशनकडे करतात. ती नोंद फक्त रेंडरच्या टप्प्यात घेतली जाते. त्याचाही उपाय तोंडी होताच: इव्हेंट व्हॅलिडेशन बंद करून टाका. काही ठिकाणी तर ते वेब कॉन्फिगमध्ये बंद केलेलं मी पाहिलं, म्हणजे एका यादीच्या एक्सेलसाठी अख्ख्या साइटवर बंद.

याबद्दल माझं मत तेव्हाही पक्कं होतं आणि आजही आहे. इव्हेंट व्हॅलिडेशन काय करतं, तर ब्राउझरकडून जी निवड परत आली ती सर्व्हरने खरोखर पेजवर लिहिली होती का ते पडताळतं. ड्रॉपडाउनमध्ये एका शाखेची नावं लिहिली होती आणि परत आला दुसऱ्याच शाखेचा क्रमांक, तर ते अडवतं. जिथे लोकांच्या ठेवी आहेत तिथे हा पहारा यादीच्या सोयीसाठी उठवायचा नाही. आमचे टीम लीड अनुभवी होते. ते म्हणाले, "अहो, पडद्यावरचा ग्रिड कशाला ओढताय बाहेर? त्याला पेज चिकटलंय. नवा बनवा." ते ऐकल्यावर मी ग्रिडव्ह्यूचं वागणं नीट तपासलं. झेंड्याचा प्रश्न तो पेजलाच विचारतो, आणि पेजच नसेल तर विचारत नाही. कोडमध्ये नवा ग्रिडव्ह्यू तयार करायचा, कुठल्याच पेजला न जोडता त्याला तीच माहिती द्यायची, पानं नाहीत, क्रम लावायची सोय नाही, आणि मग रेंडरकंट्रोल. मेथड ओव्हरराइड करावी लागत नाही, पहाराही जागेवर राहतो. शिवाय पडद्यावरच्या ग्रिडमधली बटणं, चेकबॉक्स, दुरुस्तीच्या लिंका एक्सेलमध्ये उतरत नाहीत. कितीतरी लोक त्या एकेक शोधून त्यांच्या जागी साधा मजकूर ठेवणारी लांबलचक फंक्शन्स सांभाळत बसले होते.

मग यादी एक्सेलमध्ये पडायला लागली, आणि मला पेजची खरी ओळख व्हायला लागली.

पहिली तक्रार खातेक्रमांकाची. ०००४५७ चं ४५७ झालं. एक्सेल समोर आलेल्या मजकुराकडे पाहतं, आकडे दिसले की संख्या समजतं, आणि संख्येच्या डावीकडची शून्यं टाकून देतं. वीजग्राहक क्रमांकासारखा बारा आकडी क्रमांक असेल तर तो वैज्ञानिक पद्धतीने, ई अक्षर घालून दाखवतं. पंधरापेक्षा जास्त आकडे असतील तर पुढच्या आकड्यांची शून्यंच होतात, आणि ते नुकसान फाइल जपून ठेवल्यावर भरून निघत नाही. तारखांचं दुखणं याहून वाईट होतं, कारण ते चटकन दिसत नसे. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन राहिलेली असली की ०४/०७ ही मुदतपूर्तीची तारीख एक्सेल ७ एप्रिल म्हणून घेई, आणि २५/०७ ही त्याच्या हिशेबात तारीखच नसल्यामुळे मजकूर म्हणून तशीच ठेवी. एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या, काही डावीकडे. ज्या नजरेला डाव्या-उजव्याचा अर्थ माहीत नाही तिला यादी ठीकच दिसते. ठेवीची मुदत ४ जुलैला आहे आणि कागदावर ७ एप्रिल छापलंय, हे शाखेत ठेवीदार उभा राहिल्यावर कळून उपयोग नाही. म्हणून अशा प्रत्येक घराच्या स्टाइलमध्ये मायक्रोसॉफ्टचं खास विशेषण, एमएसओ नंबर फॉरमॅट, घालून सांगावं लागे की हा मजकूर आहे, याला हात लावू नकोस. ब्राउझर ते विशेषण ओळखत नाही आणि सोडून देतो. एक्सेल ओळखतं.

दुसरी तक्रार नावांची, आणि ती आमच्या मराठी कामाशी थेट जोडलेली होती. पतसंस्थेचा जुना डेटा युनिकोडच्या आधीचा. त्यात मराठी नावं एका जुन्या फॉन्टच्या सोयीने साठवलेली, म्हणजे मेमरीत रोमन अक्षरं आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी वळणं दाखवणार. नवीन सभासदांची नावं मात्र युनिकोडमध्ये. पडद्यावर दोन्ही नीट दिसत, कारण जुन्या नावांच्या घराला एक क्लास लावलेला होता आणि तो कुठला फॉन्ट वापरायचा ते पेजच्या स्टाइलशीटमध्ये लिहिलेलं होतं. ग्रिडची स्ट्रिंग झाली तेव्हा क्लासचं नाव सोबत आलं, पण त्याचा अर्थ सांगणारी स्टाइलशीट पेजपाशीच राहिली. एक्सेलमध्ये जुन्या सभासदांच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. नव्या सभासदांची नावं वेगळ्या कारणाने बिघडली. यूटीएफ आठमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार तीन-तीन बाइटचं होतं. ब्राउझरला पाठवताना सर्व्हर हेडरमध्ये सांगतो की हे यूटीएफ आठ आहे. फाइल डिस्कवर उतरली की हेडर गेलं, आणि एक्सेलने प्रत्येक बाइटला एक युरोपीय अक्षर समजून वाचलं. पाहावं तिथे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए, दर तीन चिन्हांनंतर पुन्हा तेच.

उपाय दोन्हींना होते. स्ट्रिंगच्या आधी एचटीएमएलचं पूर्ण डोकं लिहायचं, त्यात मेटा टॅगने यूटीएफ आठ सांगायचं, आणि क्लासवर विसंबून न राहता फॉन्टचं नाव प्रत्येक घरातच घालायचं. जुना डेटा पुढे रीतसर युनिकोडमध्ये आणला, ते स्वतंत्र काम होतं. पण त्या यादीत एकाच माणसाच्या कुटुंबातली दोन नावं दोन कारणांनी न वाचण्यासारखी झालेली पाहून मला पहिल्यांदा नीट उमगलं की एचटीएमएलची स्ट्रिंग एकटी पुरेशी नसते. अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची, क्लासचा अर्थ काय, चित्राचा पत्ता कुठून मोजायचा, हे सगळं पेज आणि सर्व्हर तिच्याभोवती उभं करत असतात. तिला तिथून उचललं की ते सगळं आपण पुरवायचं.

बेरजेची गोष्टही इथेच सांगते. एका यादीत पडद्यावर खाली एकूण थकबाकी यायची, एक्सेलमध्ये ती ओळच नसायची. कारण आयुष्यक्रमात होतं. पेज आधी इनिट, मग लोड, मग बटणाचे वगैरे इव्हेंट, मग प्रीरेंडर आणि शेवटी रेंडर असं जातं. बेरजेची ओळ प्रीरेंडरमध्ये भरली जात होती, आणि एक्सेलची स्ट्रिंग बटणाच्या इव्हेंटमध्ये, म्हणजे त्याच्या आधीच, काढली जात होती. रेंडरकंट्रोल फक्त लिहायला लावतो. कंट्रोलने आधीचे टप्पे पार केलेत की नाही याची तो चौकशी करत नाही. हे ज्याला नीट कळलं त्याला वेब फॉर्म्सचं अर्धं गूढ उलगडलं असं मी नव्या मुलांना सांगत असे.

नंतरच्या एका प्रोजेक्टमध्ये याच ज्ञानाचा उपयोग झाला. मराठी पुस्तकं विकणारी साइट होती. ऑर्डर झाली की ग्राहकाला ईमेल जायचा: पुस्तकांची नावं, लेखक, किंमत, टपालखर्च, पत्ता. ईमेलचा मजकूर कोडमध्ये स्ट्रिंग जोडून लिहिलेला होता, म्हणजे जुन्या एएसपीचे दिवस परत. संपादन पाहणाऱ्या बाईंना एक वाक्य बदलायचं तरी प्रोग्रामर लागायचा. मी तो मजकूर यूजर कंट्रोलमध्ये हलवला, जेणेकरून त्याची वेगळी फाइल असेल आणि ती उघडून वाचता येईल. आता या यूजर कंट्रोलला सगळे टप्पे जगायला मिळायला हवे होते. त्यासाठी २००६ च्या सुमाराला स्कॉट गथ्री यांनी दाखवलेली रीत फार सुंदर होती: कोडमध्ये एक रिकामं पेज तयार करायचं, लोडकंट्रोलने यूजर कंट्रोल आणून त्यात घालायचा, आणि सर्व्हर डॉट एक्झिक्यूटला ते पेज आणि आपला स्ट्रिंगरायटर द्यायचा. ते पेज कोणालाच दिसत नाही, पण इनिटपासून रेंडरपर्यंत पूर्ण जगतं, आणि त्याने लिहिलेलं सगळं आपल्या स्ट्रिंगमध्ये येतं.

ईमेलमध्ये स्ट्रिंग पोचल्यावर जबाबदारी आणखी वाढली. सर्व्हरवर टिल्डने सुरू होणारा चित्राचा पत्ता रेंडर होताना साइटच्या मुळापासूनचा होतो, ब्राउझरला तेवढा पुरतो. ग्राहकाच्या मेलबॉक्समध्ये त्या मुळाला काही अर्थ नाही. तिथे एचटीटीपीपासून पूर्ण पत्ता लागतो. स्टाइलचं तर विचारूच नका. जीमेल तेव्हा हेडमधला स्टाइलचा भाग काढून टाकत असे, आणि आउटलुक २००७ ने एचटीएमएल दाखवायला वर्डचं इंजिन घेतलं होतं. म्हणून प्रत्येक टॅगच्या अंगावरच स्टाइल आणि मांडणीला टेबल, अशी जुनी रीत परत घ्यावी लागली.

आणि एन्कोडिंग. वेब फॉर्म्समधलं लेबल त्याला दिलेला मजकूर जसाच्या तसा लिहितं, त्यातल्या कोनी कंसांना निरुपद्रवी करत नाही. ग्रिडव्ह्यूचा साधा बाउंडफील्ड ते आपणहून करतो, टेम्प्लेटमधलं इव्हॅल करत नाही. पेजवरून येणाऱ्या मजकुरावर रिक्वेस्ट व्हॅलिडेशनचा चाप असतो, पण फोनवरच्या ऑर्डरी दुकानातल्या डेस्कटॉप प्रोग्राममधून थेट डेटाबेसमध्ये जात होत्या. एकाने पत्त्यातली खूण रोमन लिपीत, कोनी कंसात सांगितली होती. ईमेलमध्ये ती नाहीशीच झाली, कारण मेल दाखवणाऱ्या प्रोग्रामने तो टॅग समजला. त्या पत्त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. तिथेच कोणी स्क्रिप्ट घातली असती तरी आमच्या कंट्रोलने तीही इमानाने लिहून दिली असती. तेव्हापासून माझा नियम आहे की स्ट्रिंगमध्ये जाणारी प्रत्येक परकी गोष्ट लिटरलमधून जाईल आणि त्याचा मोड एन्कोडच असेल. पुनरावलोकनात मी सगळ्यात आधी हे बघते.

रात्री एकदम जाणाऱ्या ईमेलचा प्रश्न वेगळा होता. ते काम विंडोज सर्व्हिसमध्ये होतं, तिथे ब्राउझरची मागणी नसते, म्हणून एचटीटीपी कॉन्टेक्स्टही नसतो, आणि सर्व्हर डॉट एक्झिक्यूट कॉन्टेक्स्टशिवाय चालत नाही. सिस्टम डॉट वेब डॉट होस्टिंगमध्ये यावर सोय आहे. अ‍ॅप्लिकेशनहोस्ट वापरून आयआयएसशिवायच एएसपी डॉट नेट उभं करायचं आणि सिंपलवर्कररिक्वेस्टला पेजचं नाव आणि आपला रायटर द्यायचा. हे फारच थोड्या लोकांना माहीत होतं. मला दस्तऐवज वाचताना सापडलं आणि त्या संध्याकाळी झालेला आनंद मला अजून आठवतो. ब्राउझर नाही, वेब सर्व्हर नाही, तरी पेज शेवटच्या ओळीपर्यंत नीट लिहिलं जात होतं.

मेमरीबद्दल दोन शब्द, कारण इथे अनेक चांगल्या लोकांची कोंडी झालेली पाहिली आहे. डॉट नेटमध्ये स्ट्रिंगचं प्रत्येक अक्षर दोन बाइटचं, आणि ८५,००० बाइट किंवा त्याहून मोठं ऑब्जेक्ट वेगळ्या ढिगात, लार्ज ऑब्जेक्ट हीपमध्ये जातं. म्हणजे साधारण साडेबेचाळीस हजार अक्षरांच्या पुढची स्ट्रिंग. मोठ्या शाखेची वार्षिक यादी हे माप सहज ओलांडते, कारण ग्रिड प्रत्येक घरासाठी टॅग आणि स्टाइल लिहितो. तो हीप पूर्वी कधीच दाबून सलग केला जात नसे. तशी सोय २०१३ मध्ये ४.५.१ आवृत्तीत आली. चौथ्या आवृत्तीच्या आधीचा स्ट्रिंगबिल्डर जागा संपली की दुप्पट मोठा सलग तुकडा मागायचा. ३१ मार्चच्या आसपास सगळ्या शाखा एकदम याद्या काढायला लागल्या की मेमरी शिल्लक दिसायची, पण सलग जागा मिळायची नाही, आणि मागणी फेटाळली जायची. आमच्या टीमने यावर केलेली दुरुस्ती मला आवडते, कारण तिने कोड वाढवला नाही, कमी केला. फाइल जर थेट ब्राउझरलाच जायची आहे तर मधे स्ट्रिंग हवीच कशाला? एचटीएमएलटेक्स्टरायटरच्या खाली स्ट्रिंगरायटर ठेवण्याऐवजी रिस्पॉन्सचं आउटपुट ठेवायचं. कंट्रोल लिहील ते सरळ बाहेर जाईल. स्ट्रिंग तेव्हाच काढावी जेव्हा तिच्यात काही पाहायचं, बदलायचं किंवा जपून ठेवायचं असेल.

पीडीएफचा अनुभव मात्र त्रासदायक होता. स्ट्रिंग आयटेक्स्टशार्पच्या एचटीएमएलवर्करला दिली की इंग्रजी पावत्या छान होत. मराठीत मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडत, कारण देवनागरीची वळणं जुळवण्याची सोय तेव्हाच्या त्या लायब्ररीत नव्हती. ज्या पावतीवर ठेवीदाराचं नाव चुकीचं छापलं जातं ती मी तयार म्हणून देणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. शेवटी वेबकिटवर चालणाऱ्या डब्ल्यूके एचटीएमएल टू पीडीएफकडे तीच स्ट्रिंग दिली. ब्राउझरचंच इंजिन असल्यामुळे त्याला देवनागरी येत होती.

२००९ मध्ये एमव्हीसी आलं, मग रेझर आलं, आणि २०१६ मध्ये आलेल्या डॉट नेट कोअरमध्ये वेब फॉर्म्स नव्हतेच. तरी गरज तशीच राहिली. रेझर व्ह्यू स्ट्रिंगमध्ये काढायचा कसा, हा प्रश्न लगेच उभा राहिला, आणि २०२३ मध्ये डॉट नेट आठने एचटीएमएलरेंडरर नावाचा वर्गच दिला, कंपोनंट पेजबाहेर रेंडर करण्यासाठी. आम्ही जे आडवाटेने करत होतो त्याला राजमार्ग मिळाला.

सध्या मी एका कारखान्याचं जुनं स्टोअर सॉफ्टवेअर वेब फॉर्म्समधून रेझरवर आणतेय. यात रेंडरकंट्रोलचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा उपयोग होतोय. जुना प्रत्येक कंट्रोल ठरावीक माहितीवर रेंडर करून त्याची स्ट्रिंग फाइलमध्ये जपून ठेवली आहे. नवा व्ह्यू त्याच माहितीवर रेंडर करायचा, दोन्ही स्ट्रिंगमधल्या मोकळ्या जागा आणि विशेषणांचा क्रम सारखा करायचा, आणि मग ओळीला ओळ लावून पाहायची. जुन्या कोडचं कागदोपत्री वर्णन कुठे नाही. तो काय लिहीत होता हे या फाइल सांगतात. बहुतेक फरक किरकोळ निघतात: बाहेरचा एक डिव्ह, सीटीएलने सुरू होणाऱ्या लांबलचक आयडी, टेबलवरचं बॉर्डर.

एक फरक मात्र थांबवणारा निघाला. ग्रिडव्ह्यूचा बाउंडफील्ड रिकाम्या घरात न तुटणारी मोकळी जागा लिहितो. रेझरमधलं आमचं घर खरोखर रिकामं होतं. पडद्यावर फरक दिसत नाही. एक्सेलमध्ये जुनं घर रिकामं धरलं जात नाही, कारण त्यात एक अदृश्य अक्षर असतं. म्हणजे इतकी वर्षं स्टोअरमध्ये ज्या फाइल जात होत्या त्यात मोजणीची सूत्रं रिकाम्या घरांनाही मोजत होती, आणि कोणीतरी त्यावर आपापले तोडगे बांधलेले असणार. नवं जास्त बरोबर आहे एवढ्यावरून ते बदलणं मला पटलं नाही. मी दोन्ही फाइल घेऊन स्टोअरकीपरांकडे गेले आणि दोन्ही उघडून दाखवल्या. त्यांनी आपली शीट काढली, एका कोपऱ्यातलं सूत्र दाखवलं. त्यात आलेल्या मोजणीतून शंभर वजा केले होते, कारण तेव्हाच्या यादीत रिकामी घरं तेवढी होती. ते म्हणाले, "मॅडम, नवी द्या, पण आधी दोन दिवस सांगून द्या. हे सूत्र आणखी तिघांच्या शीटमध्ये आहे, ते काढायला लागेल." मग आम्ही त्या चौघांची शीट एकेक करून बसून दुरुस्त केली, आणि बदल त्या महिन्याच्या साठामोजणीनंतर चालू करायचं ठरवलं.